एक्स-रेमधले आकडे

भोरच्या कॉलेजात मी गणित शिकवतो. सलग चार तास घेऊन दमलो होतो, तरी मार्गासनीहून आलेल्या आईला गुडघ्याचा एक्स-रे काढायला नेलं.

"ह्यात काय दिसतंय रं?" फिल्म पुढं करत तिनं विचारलं.

"प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. किरण आरपार गेले तिथं काळं, हाडानं अडवले तिथं पांढरं."

वर्गात यालाच मी प्रतलावरचं फलन म्हणतो.

"मग दुखतंय किती, त्यो आकडा हाय का ह्यात?"

"नाही."

एसटी थांब्यावर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. "तू सुट्टीला गावी दमून येतूस, मग न्हाई बोलले."

एसटी येईपर्यंत मी तिचा गुडघा चेपत बसलो.