घंटेआधी उठायचे नाही

परभणी स्टेशनाजवळच्या एका जिनिंगात मी तीन महिने मुकादम होतो. हे मी सहसा सांगत नाही.

त्याआधी तिथेच वजनकाट्यावर कारकून होतो आणि फावल्या वेळात पत्रके लिहायचो. जुना मुकादम तोंडाचा घाणेरडा. बायका यंत्रात कापूस घालायच्या, त्यांची तान्ही पोरे बाहेर लिंबाखाली झोळीत. पोर रडले की तो आईवर ओरडायचा, "जा, पाज त्या भोंग्याला. टकुरं उठवलं." आणि तिच्या जागी दुसरीला ढकलायचा. मी पत्रकात ठणकावले : पाजायला सोडणे ही मेहेरबानी आहे, मजुराला कायदा हवा. शेठला गवगवा नको होता. त्याने मुकादमाला काढले आणि मला बसवले.

मी शिवी दिली नाही. सगळ्यांना पोत्यांवर बसवून हात वर करायला लावले. ठरले : दिवसातून दोनदा घंटा, तेव्हाच सगळ्यांनी उठायचे, मधे कुणी नाही. अंगावर पाजणाऱ्या तिघीच होत्या. बहुमत झाले म्हणून मी खूश.

चौथ्या दिवशी त्या तिघींतली, जवळच्या पिंगळी गावची एक बाई म्हणाली, "दादा, लेकरू रडायलंय. जाऊन येते."

"घंटा होऊ द्या, बाई. सगळ्यांचा ठराव आहे."

"लेकराला ठराव कळतोय व्हय?"

शेजारच्या हसल्या. मीही हसलो. तिचे हात चालूच होते. चोळी पुढून भिजली होती, तिला कापसाचे तंतू चिकटले होते. मला दिसत होते. घंटेचा दोर माझ्याच हाताशी होता. ओढला नाही. ओढला तर त्या मुकादमात आणि माझ्यात फरक काय, असे वाटले.

घंटा झाली तोवर पोर रडून रडून झोपले होते, तोंडात घेईना. तिने झोळी सोडली.

"मुकादम शिव्या द्यायचा, पर जा म्हणायचा. तुमी गोड बोलून बांधून घालायलाव."

"पुढच्या बैठकीत मांडा," मी म्हणालो. खरेच असे म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने मी पिंगळीला गेलो. ती कुणाच्या तरी रानात वेचणीला होती, मजुरी जिनिंगापेक्षा कमी. बांधावरच्या बाभळीला झोळी. ठराव मोडला, आता केव्हाही उठता येते, परत या, असे मी सांगितले.

"त्या लेकुरवाळ्या दोघींचं बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीला लागली.