बिनआवाजाचा खो-खो

दाखल्याचा अर्ज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होता आणि शिबिराची बस गेटवर उभी होती. अर्ज आठवीतल्या सानिकाच्या वडिलांचा होता. मुलगी जूनपासून आमच्या कर्जतच्या शाळेत आहे, सहा महिने झाले तरी तिचं इथे कुणाशी जमत नाही, सबब तिला बदलापूरला मामाकडे पाठवायचं आहे, तरी शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.

मॅडमनी मला आत बोलावलं. मी शाळेचा पी.टी. शिक्षक आणि सानिका माझ्या खो-खोच्या संघात.

"संघात असून एकटी कशी काय, सर?"

मॅडमनी वडिलांना फोन लावला. ठरलं असं, की तीन दिवसांच्या शिबिराला तिला जाऊ द्यायचं. शेवटच्या दिवशी पालक न्यायला येतील तेव्हा तिलाच विचारायचं. तिला राहायचं नसेल, तर त्याच आठवड्यात दाखला.

सानिका पोशीरजवळच्या एका वाडीतली. धावण्यात संघात तिच्याइतकी चपळ कुणी नव्हती. अडचण बसण्या-उठण्यात होती. खो-खोत आठ जणी एका रांगेत, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात. नववी पाठलाग करते. ती बसलेलीच्या पाठीला हात लावते, त्याच वेळी मोठ्यानं 'खो' म्हणते, आणि मगच बसलेलीनं उठायचं. खो मिळायच्या आधी उठली तर फाउल. त्याला आम्ही अर्ली गेटअप म्हणतो. सानिका हात लागताच उठायची, शब्दाला थांबायचीच नाही. आणि स्वतः खो देताना नुसता हात लावायची. समोरची बसून राहायची आणि धावणारी निसटायची.

मी लाइनवरून 'आवाज, सानिका, आवाज' असं ओरडायचो. दोन खो नीट द्यायची, तिसऱ्याला पुन्हा तेच. माझ्या वहीत तिच्या नावापुढे शेरा होता: लक्ष नाही.

मुलींचा शेरा वेगळा होता. कर्णधार रुची स्टेशनजवळ राहणारी, बोलायला फटकळ. तिनं मला सरळ सांगितलं होतं, "सर, तिला आमच्याशी बोलायचंच नाय. खो म्हणायला पण जड जातं महाराणीला."

हळूहळू सानिकाला खो मिळेनासा झाला. धावणारी तिच्या नाकासमोरून गेली तरी खो पुढचीला. डबा खायलाही ती एकटी बसायला लागली. हे मला दिसत होतं. मी त्याला शिस्तीचा प्रश्न समजत होतो.

शिबिर चौक गावाच्या पुढे एका संस्थेच्या जागेत होतं. मोठं मैदान, एक हॉल, मागे डोंगर. पहिला दिवस नेहमीसारखा गेला. पंगतीत सानिका टोकाला, शेजारची जागा रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना डोंगरावर नेलं. जेवणानंतर शिबिराला आलेली पाचवीची मुलं हॉलमध्ये आडवी झाली. मी खो-खोच्या मुलींना बजावलं, मैदानावर जा, पण तासभर आवाज नको. आवाज न करता खेळायचं काय, पत्ते, अशी कुरकुर करत रुची गेली. मी व्हरांड्यात हजेरी लिहीत बसलो.

थोड्या वेळानं जाणवलं, की बाहेर फारच शांत आहे. मान वर केली तर खो-खो रंगात आला होता. शब्द नाही, नुसते पाय वाजत होते. पाठीवर थाप पडली की मुलगी उठायची. सानिका रांगेच्या कडेनं सुसाट जात होती. रुची मात्र दर वेळी उशिरा उठत होती. थाप बसली तरी तिचे कान शब्दाची वाट बघत होते.

मी खाली उतरलो. रुचीला धाप लागली होती. "सर, हिच्या आधीच्या शाळेत असंच खेळायचे. हिनंच दाखवलं," ती म्हणाली.

मग सानिका बोलली. इतकं सलग ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलत होती.

"आमच्या शाळेला लागून अंगनवाडी हाय. दुपारी बारकी पोरं निजायची. बाई बोलल्या, खेळा, पन आवाज नको. मग आमी दुसरीपासून असंच खेळलो. हात लागला का उठायचं."

"मग आधी सांगायचं ना गं," रुची म्हणाली.

"कुनी इचारलंय?"

ती रुचीला म्हणाली होती. उत्तर मीही देणं लागत होतो.

उपाय रुचीनंच काढला. चहा-जेवणाला सगळ्यांना हाक मारायचं काम तिच्याकडे होतं, ते तिनं सानिकाला दिलं. चारच्या चहाला सानिकानं हाक मारली. मैदानात कुणी मान वळवली नाही.

"अगं, एवढ्यानं तुझ्या अंगणवाडीतलं पोर कूस पण बदलायचं नाय," रुची म्हणाली. मुली हसल्या. सानिकाही हसली. जेवणाच्या वेळी तिची हाक पार ओढ्यापर्यंत गेली. त्या पंगतीत रुची तिच्या शेजारी बसली. जागा मी ठरवून दिल्या नव्हत्या.

शेवटच्या सकाळी पालक आले तेव्हा सामना चालू होता. सानिकाचे वडील मोटरसायकल लावून कुंपणाशी उभे राहिले. मी जवळ गेलो. रांगेतून एक खणखणीत 'खो' आला.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच."

"घरात पानी पन खुनेनं मागते," ते म्हणाले.

खेळ संपल्यावर त्यांनी तिला विचारलं. मॅडमही त्या सकाळी आल्या होत्या, त्या शेजारीच होत्या. सानिका म्हणाली, "जानेवारीत मॅच हाय, बाबा. मामाकडं सुट्टीत जाईन."

वडिलांनी मॅडमना अर्ज फाडून टाका म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अर्जाची आवक वहीत नोंद झाली आहे, मागे घेतल्याचं लिहून द्या. त्यांनी तिथेच वहीच्या पानावर लिहून दिलं.

जानेवारीत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. त्या सामन्यात अर्ली गेटअपचा फाउल एकच झाला. तो रुचीचा होता. शिबिरापासून मुली मधल्या सुट्टीत बिनआवाजाचा खो-खो खेळायच्या, त्याची तिला सवय लागली होती.

माझ्या वहीत आता शेऱ्याच्या आधी एक रकाना आहे: याआधी कुठे आणि कसं खेळलात. मुलांना विचारल्याशिवाय तो भरता येत नाही.