ऊददाणीतले निखारे

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही नाही. लेकीला नाही — तिला तर नाहीच. मुसल्यावर बसून दुआ मागतानासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालत आले, जणू अल्लाला ती ठाऊकच नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा आहे. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. त्याला ऑटिझम आहे, असं त्याची आई सरळ सांगते. बायकांनी पाळ्या लावून घेतल्यात. रोज कुणीतरी त्याच्याजवळ बसतं, म्हणजे तिला जरा पाठ टेकता येते. माझीही पाळी असते. मी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हळूहळू पाणी ओतत राहते आणि तो शांत होतो. सगळ्या म्हणतात, आजींचं मन किती मोठं. मी ऐकून घेते.

हे पाणी ओतणं मला कुणी शिकवलं, ते त्यांना कुठं माहीत आहे?

हमीदानं शिकवलं. साठच्या दशकातली गोष्ट, दुबईच्या देऱ्यातली. खाडीपासून जवळच एका अरबाच्या घरात आम्ही तीन कुटुंबं भाड्यानं राहायचो. मधे अंगण, भोवती खोल्या, पाणी गाढवावरून यायचं. तिन्ही कुटुंबं रत्नागिरीकडची. हमीदाचा नवरा इब्राहिम धक्क्यावर मालाची मोजदाद करायचा, माझा एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात होता. हमीदाचा युनूस सहा वर्षांचा. माझी नसीम तेव्हा रांगत होती.

युनूस बोलायचा नाही. अंगाला हात लावला की किंचाळायचा. आणि त्याला कुठलीच वस्तू जागेवरून हललेली चालायची नाही. अंगणात सगळ्यांच्या चपला असत. त्या तो भिंतीकडे टोकं करून लावून ठेवायचा. कुणाची चप्पल वाकडी राहिली की ती सरळ होईपर्यंत त्याला चैन नसे. याला काय म्हणतात ते आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे दुसरे शब्द होते. ते त्याच्या आईच्या कानावर पडतील एवढ्या आवाजात बोलले जायचे.

मी बोलायचे नाही. मी चांगली होते ना. हमीदाला आंघोळ करायची असली, भाकऱ्या थापायच्या असल्या, की युनूसजवळ मी बसायचे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतत. तिसऱ्या खोलीतली जुलेखा पोटुशी होती. ती त्याची सावली अंगावर पडू द्यायची नाही. हमीदा माझ्याजवळ रडली तेव्हा मी म्हटलं, मी असलं काही मानत नाही. ती म्हणाली, "आपा, तू हायस म्हणून मी हितं टिकले."

आणि मी मानत होते. मनापासून मानत होते.

युनूस नसीमकडे टक लावून बघायचा. ती एकच गोष्ट होती जिच्याकडे तो असा बघायचा. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पोराला बाळ आवडतं. मला वाटायचं, नजर लागतेय. नसीमनं दूध टाकलं, नजर. कूस बदलली, नजर. मग हमीदा दुपारी कामात असली की मी माझ्या खोलीचं दार ओढून घ्यायचे, ऊददाणीत निखारे घ्यायचे, सुक्या मिरच्या आणि मीठ लेकीवरून उतरवून त्यात टाकायचे. ऊद जाळण्याचं ते मातीचं भांडं. कुणी विचारलं तर ऊद जाळत होते म्हणून सांगायचं.

त्या दुपारी मिरच्या जळल्या आणि ठसका लागला नाही.

आमच्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे. ठसका नाही म्हणजे नजर जबर. आणखी मिरच्या आणायला मी अंगणापलीकडच्या स्वयंपाकाच्या जागेत धावले — आणि ऊददाणी तशीच जमिनीवर राहिली. नसीमपासून हातभर अंतरावर. दार उघडं.

तिची किंकाळी ऐकून परत आले तेव्हा ऊददाणी आडवी पडलेली. नसीमचा हात भाजलेला. आणि युनूस खाली बसला होता. सांडलेले निखारे तो उघड्या बोटांनी उचलून एकेक करून ऊददाणीत परत ठेवत होता. बोटं पोळत होती, तरी रडत नव्हता. जागच्या जागी ठेवत होता, एवढंच.

हे मी पाहिलं. नीट पाहिलं.

जुलेखा धावत आली. तिनं पोरीकडे बघितलं, निखाऱ्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "यानं केलं?"

मी मान हलवली.

का हलवली? घाबरले होते, असं म्हणता येईल. पण मान हलवतानाच माझ्या डोक्यात सगळं लख्ख होतं. खरं सांगायचं तर दुपारी निखारे कशाला, ते सांगावं लागलं असतं. हमीदासमोर. तिच्या लेकराची नजर लागते म्हणून मी माझ्या लेकीची दृष्ट काढत होते, हे तिला कळलं असतं. माझी चांगुलपणाची गादी गेली असती. आणि ज्याच्यावर ढकललं, तो बोलूच शकत नव्हता. याहून सोयीचं काय असणार?

त्याच्या बोटांवरचे फोड हाच पुरावा ठरला.

जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्या गावाकडच्या जमातीची माणसं अंगणात बसली. बायका पडद्याआड. त्यांच्यातले थोरले दाऊदचाचा भला माणूस, त्यांनी घाई केली नाही. पडद्याकडे तोंड करून विचारलं, "बेटी, तू डोळ्यांनी बघितलंस?"

हमीदा माझ्या शेजारी बसली होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला.

मी म्हटलं, "हो. त्यानंच ढकललं."

पलीकडे इब्राहिम एवढंच म्हणाला, "चाचा, तो कुणाला हात लावीत नाय." त्याला कुणी उलटून बोललं नाही, आणि ऐकलंही नाही. ठरलं, की पोराला गावी पाठवायचं. आई सोबत जाईल, बाप इथं कमवेल. खलास.

बोट सुटायला अजून दिवस होते. तेवढ्या दिवसांत रोज सकाळी माझी चप्पल भिंतीकडे टोकं करून लावलेली असायची. मी ती पायात घालून कामाला लागायचे.

पुढचं कानावर येत गेलं. आगीशी खेळणारं पोर, अशी त्याची ख्याती त्याच्या आधी गावात पोचली होती. हमीदाच्या सासऱ्यांनी त्याला मागच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावून. हमीदा दाराबाहेर बसून धान्य निवडायची, म्हणजे त्याला आवाज येत राहील. ती परत दुबईला आली नाही. इब्राहिम त्याच खोलीत एकटा राहिला. मला दिसला की सलाम करायचा, नसीमचा हात कसा आहे विचारायचा. युनूस तरुणपणीच गेला. कशानं, ते मी विचारलं नाही. हमीदाही गेली.

नसीमच्या मनगटावर अजून डाग आहे. लहानपणी एका वेड्या मुलानं भाजलं, असं ती हसत सांगते. माझा नातू म्हणतो, "सो स्केअरी, मॉम." मी तिथंच बसलेली असते. चहा पीत असते.

पण मला खरं सांगायचं होतं ते हे नाही. ते अजून राहिलंय.

गावी निघालेल्या माणसानं सगळ्यांच्या दारात जाऊन बोललं-चाललं माफ करून घ्यायचं, अशी आमची रीत आहे. हमीदा निघाली त्या सकाळी माझ्या दारात आली. युनूसला तिनं ओढणीत धरलेलं, त्याच्या बोटांना फडकी गुंडाळलेली. तिनं नसीमचा हात उचलून त्याचा मुका घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपा, माझ्या पोरानं तुझ्या लेकीला भाजलंन. त्याला काय कळत नाय. त्याला माफ कर."

आम्ही दोघीच होतो. जुलेखा नव्हती, चाचा नव्हते, पडदा नव्हता.

मी म्हटलं, "केलं माफ."