न बुडणारा पाय

आमच्या तालिसाय गावाला तीन बाजूंनी समुद्र. इथली पोरं चालायला लागायच्या आधी पाण्यात पडतात. त्यामुळे संध्याकाळी पांढरा सदरा, काळी पँट आणि गळ्यात टाय अशा वेषात वाळूच्या कडेला उभा राहणारा आणि पाण्यात पाऊलही न टाकणारा तो उंच गोरा पोरगा गावाला विचित्र वाटायचा. त्याला पोहता येत नसणार, असंच सगळे धरून चालले होते. मी एकदा विचारलं.

"येतं की, ताताय," तो म्हणाला; आमच्या बोलीत ताताय म्हणजे बाबा. "घरी कालव्यात पोहायचो. पण इथे असेतोवर पोहायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"पाण्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"फक्त बाप्तिस्मा द्यायला उतरायचं. एरवी नाही."

एवढं बोलून तो पुन्हा पाण्याकडे बघत राहिला. बाप्तिस्मा घ्यायला त्याच्याकडे कुणी म्हणजे कुणीच आलं नव्हतं.

तो मॉर्मन पंथाचा प्रचारक होता. दोन वर्षांसाठी आमच्या समार बेटावर पाठवलेला. घर अमेरिकेत आयडाहोला, बटाट्याच्या शेतांत. सगळे त्याला एल्डर ऑलरेड म्हणायचे, पाळण्यातलं नाव त्याने कधी सांगितलं नाही. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड अजून नीट फुटलेलं नाही, आणि वडीलधारा! त्याने आणि त्याच्या जोडीदाराने माझी मागची खोली भाड्याने घेतल्यापासून शेजारची पेलाग, सगळ्यांची मना म्हणजे ताई, रोज सकाळी कुंपणावरून माझ्या बायकोला हाक मारायची, "बेनिता, तुझ्याकडचे म्हातारबुवा उठले का गं? गुडघ्यांना तेल लाव हो त्यांच्या!"

जोडीदार म्हणजे एल्डर टुमुलाक. सेबू बेटावरचा, आमच्याच रंगाचा, ठेंगणा, काटेकोर. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हाही त्यांचा नियम. एक परसाकडे गेला की दुसरा बाहेर उभा राहून भजन गुणगुणायचा. "एवढी तर आपलीही लग्नाच्या वर्षी गाठ नव्हती," असं म्हणून बेनिता हसायची.

सकाळी धर्माचं पुस्तक वाचायचं, मग सायकली काढून दारोदार फिरायचं. उन्हाने ऑलरेडची मान भाजून सोलली जायची. कुत्री त्याच्या काळ्या पँटला ओळखायला लागली होती. गावात कुणाच्या दारातून कुणाला हाकलत नाहीत, म्हणून लोक बसवून घ्यायचे, ऐकायचे, कॉफी पुढे करायचे. तो दोन्ही हात छातीशी घेऊन "माफ करा, चालत नाही" म्हणायचा. कॉफी नको, चहा नको, दारू नको, तंबाखू नको. आमच्याकडे भरलेला पेला परत गेला की घरधनीण गप्प होते. ती गप्प झाली की संपलं. मग तो उठून त्या घराचं गळकं छप्पर शाकारून द्यायचा, पाणी भरायचा, कुणाच्या शवपेटीला खांदा द्यायचा. त्याच्यावर सगळ्यांची माया होती. विश्वास मात्र कुणाचाच बसला नाही. रविवारी गावकरी गावच्या कॅथलिक चर्चमध्ये आपल्या जुन्या जागी जाऊन बसायचे.

सोमवारी तो कपडे धुवायचा. टुमुलाक दोरीवर वाळत घालायचा आणि हा बादलीशी उकिडवा बसून सदऱ्याची कॉलर घासायचा, घासतच राहायचा. अशाच एका सोमवारी तो माझ्याशी बोलला.

"ताताय, माझ्या थोरल्या भावाने ब्राझीलमध्ये इतक्या जणांना बाप्तिस्मा दिला की बाबा चर्चमध्ये ताठ मानेने उभे राहतात. मी रोज तेच शब्द बोलतो. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येतो, आणि वाटतं, हा कोण बोलतोय?"

"मग नको बोलूस."

"मी ठरवलंय, एका जरी माणसाने मनापासून मानलं, तरी मला कळेल की हे खरं आहे. एकच माणूस."

मी त्याला म्हणणार होतो की स्वतःचा विश्वास असा दुसऱ्याच्या घरी ठेवायला देऊ नये. पण तो परका, लेकरासारखा, साबणाने हात फुगलेले. मी त्याच्या बादलीत आणखी पाणी ओतलं.

तो एक माणूस माझ्याच नात्यातला निघाला.

पोन्सो माझ्या बहिणीचा नवरा; आम्ही त्याला मानो, म्हणजे दादा, म्हणायचो. माडांवर चढून माडी काढणारा, आणि काढलेली निम्मी स्वतःच पिणारा. तरुणपणी माडावरून पडला होता. उजवा गुडघा जोडला गेला तो सरळच, वाकेना. तरी गडी ताठ पाय लोंबता ठेवून दोन हात आणि एका पायावर चढायचा. माझी बहीण सालिंग गेल्यापासून तो बोलेनासा झाला होता. एल्डर त्याच्या झोपडीत गेला तेव्हा पोन्सोने कॉफी पुढे केली नाही, कारण घरात कॉफी करणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने शहाळं फोडून दिलं. एल्डर ते गटागटा प्यायला. तिथून त्यांचं जमलं.

एल्डरने त्याला सांगितलं की मरणाने नवराबायकोची गाठ सुटत नाही. बाप्तिस्मा घ्यायचा, पुढे मनिलाच्या मंदिरात जायचं, तिथे ती दोघं कायमची बांधली जातात, मेलेलं माणूसही.

पोन्सो संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसला. "मासिमो, पाद्री म्हणतो की मरेपर्यंत साथ. हा पोरगा म्हणतो, मेल्यावरसुद्धा. तुझ्या बहिणीला मी काय सुख दिलं? दारूचा वास दिला. मला आणखी वेळ पाहिजे तिच्याबरोबर."

"माडी सोडावी लागेल, मानो."

"सोडली."

मना पेलाग कुंपणापलीकडून खो खो हसली. "पोन्सोने माडी सोडली! आता माडच येतील खाली, बघायला!"

पण त्याने खरंच सोडली. टुमुलाक म्हणाला होता की विकायला हरकत नाही. पोन्सो म्हणाला, जे मी तोंडाला लावत नाही ते दुसऱ्याला कशाला पाजू? माडी जिथून गळते त्या माडांच्या पोयी तशाच फुलू दिल्या आणि तो माझ्याबरोबर नारळ सोलायला येऊ लागला. पहिल्या दिवसांत त्याचे हात इतके थरथरत की बेनिता त्याला भरवायची. एल्डर रोज त्याच्याजवळ बसायचा. त्या दिवसांत त्या पोराच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी विसरणार नाही.

बाप्तिस्म्याला अर्धा गाव किनाऱ्यावर आला. त्यांच्यात कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस सगळाच्या सगळा पाण्याखाली जावा लागतो, केसाच्या टोकापासून नखापर्यंत. दोन साक्षीदार डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि काही वर राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार होते टुमुलाक आणि शहरातल्या त्यांच्या मंडळीचे प्रमुख, दोरोतेओ नावाचे शिंपी. सगळे पांढऱ्या कपड्यांत, कमरेइतक्या पाण्यात.

एल्डरने हात उंचावून शब्द म्हटले आणि पोन्सोला उताणा पाण्यात नेला. डोकं खाली गेलं, छाती गेली, आणि तो ताठ पाय तराजूच्या दांडीसारखा वर आला.

"पुन्हा," टुमुलाक म्हणाला.

दुसऱ्यांदा पोन्सोने डावा गुडघा वाकवून बघितलं. उजवी टाच तेवढी बाहेर.

"पुन्हा."

"अरे, पायाला दगड बांधा!" किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं.

"पाय कॅथलिक आहे त्याचा, ऐकणार नाही!" मना पेलाग म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

दोघं आणखी खोल गेले, छातीइतक्या पाण्यात. पोन्सो खोकत होता. नाकातोंडात खारं पाणी गेलेलं, ओठ निळे पडलेले. एल्डरचा आवाज फाटला होता. त्याने पुन्हा शब्द म्हटले, पुन्हा त्याला खाली नेलं, आणि तेवढ्यात एक लाट त्यांच्यावर फुटली. सगळा पांढरा फेस. साक्षीदारांना काही दिसलं नाही. टुमुलाकने भुवया वर करून एल्डरकडे बघितलं.

एल्डरने मान हलवली. झालं.

टाळ्या पडल्या. पोन्सो बाहेर आला तो रडत, हसत. ओल्या कपड्यांनीच तो दफनभूमीकडे लंगडत गेला आणि सालिंगच्या कबरीशी बसून तिला सगळं सांगू लागला.

त्यानंतर पोन्सो बदलला. दाढी रोज करू लागला. कबरीभोवतीचं गवत काढून त्याने पांढरे शिंपले मांडले. "तिला म्हटलं, आता घाई नाही," तो मला म्हणायचा. इतकं साधं, निवांत हसू त्याच्या तोंडावर मी सालिंग जिवंत असतानाही पाहिलं नव्हतं.

आणि एल्डर मात्र वाळू लागला. बेनिताने केलेला भात ताटात तसाच राहायचा. पोन्सो दिसला की तो सायकल दुसऱ्या वाटेने न्यायचा. मला वाटलं, घरी जायची वेळ जवळ आली, म्हणून असेल. त्याची दोन वर्षं सरत आली होती.

जाण्याच्या आदल्या दुपारी मी आणि पोन्सो माझ्या अंगणात नारळ सोलत होतो. एल्डर आला, मागे टुमुलाक. एल्डर पोन्सोसमोर मातीत बसला, पांढऱ्या सदऱ्याची पर्वा न करता.

"मानो, त्या दिवशी तुमच्या पायाचा अंगठा वर राहिला होता. लाटेमुळे कुणाला दिसला नाही. मला दिसला."

टुमुलाकने चटकन एल्डरकडे वळून बघितलं. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

पोन्सोने हातातला नारळ खाली ठेवला. तो आपल्या त्या पायाकडे बघत होता.

"म्हणजे ते झालंच नाही?"

"नाही."

"मी सालिंगला सांगून बसलो की रे."

एल्डरची मान खाली.

"मी तर बुडत होतो, पोरा. तू म्हणाला असतास तर आणखी बुडालो असतो. अंधार पडेपर्यंत बुडालो असतो. माझी दया आली का तुला?"

त्या वेळी तो 'हो' म्हणाला असता तर बरं झालं असतं. पोन्सोने ते गिळलं असतं. पण त्या पोराला आता खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही, मानो. माझ्यासाठी. मला ते व्हायला हवं होतं."

ईशान्येचा वारा सुटला होता, समुद्र खवळलेला; आज पाण्यात उतरणं शक्यच नव्हतं. टुमुलाक घाईघाईने म्हणाला, "मानो, पुढच्या आठवड्यात दुसरे एल्डर येतील. दोरोतेओंना बोलावू. अगदी नीट करू. सोपं आहे, दोघांनी मिळून धरलं की—"

"दुसरे कोण?"

"असतील कुणीतरी. चांगलेच असतात."

"त्यांना मी ओळखत नाही," पोन्सो म्हणाला. "बायकोचं मी याच्याकडे बोललो होतो."

एल्डर रडू लागला, आवाज न करता, खांदे हलवत. पोन्सोने त्याला ना शिवी दिली, ना जवळ घेतलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या बेनिताकडे वळून म्हणाला, "पोराला काहीतरी खायला दे. उद्या लांब जायचंय त्याला."

सकाळी मी त्याची पेटी धक्क्यापर्यंत नेली. गावातले बरेच जण आले होते. पोन्सो आला नाही. होडीत चढण्याआधी एल्डर माझा हात धरून उभा राहिला. "ताताय, मी सांगायला नको होतं का?"

मी म्हातारा, गोष्टी सांगणारा माणूस. लोक माझ्याकडे उत्तरं मागायला येतात, आणि मला त्याचा अभिमानही आहे. त्या सकाळी मी म्हणालो, "होडी सुटतेय."

त्याचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. बापाने चर्चमध्ये मान ताठ ठेवली की नाही, तेही नाही.

नवे एल्डर आले, चांगलेच होते. पोन्सोने त्यांना शहाळं दिलं, ऐकून घेतलं, आणि पाण्यात उतरायला नको म्हणाला. तो जुन्या चर्चमध्येही परत गेला नाही. माडी पुन्हा काढली नाही. सालिंगच्या कबरीवर जाणंही सोडलं त्याने. शिंपले गवतात बुडून गेले. तिला काय सांगायचं ते त्याला सुचत नसावं.

भरतीच्या वेळी मात्र तो खडकावर बसलेला दिसतो, ताठ पाय पाण्यात सोडून. एकदा मी जवळ जाऊन बसलो.

"थंडी वाजेल, मानो. चल घरी."

"तू हो पुढे," तो म्हणाला. पाणी अंगठा बुडवून त्याच्या घोट्यावर चढत होतं, आणि तो ते एकटक बघत होता.