बाबांनी तपासलेली रोजनिशी

एका संग्रहालयाला कुणाची तरी जुनी रोजनिशी इंटरनेटवर टाकायची होती. पानं टाइप करायला स्वयंसेवक हवे होते, म्हणून मुलुंडहून माझ्या आईबाबांनी नावं दिली. आई टाइप करायची आणि मराठीचे निवृत्त शिक्षक असलेले बाबा तपासायचे. आठवड्याभरात संग्रहालयातल्या मुलीचा फोन आला. "काका, लिहिणाऱ्याच्या चुका तशाच ठेवायच्या ना! तुम्ही सगळं शुद्ध केलंय."

"म्हणजे अशुद्ध छापायचं?" बाबा उखडले.

आई म्हणाली, "अहो, तो माणूस कधीच गेला. आता तरी सोडा त्याला!"

बाबांनी तोंड पाडून एकेक चूक परत घातली. रोजनिशी झळकली तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडून सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवून घेतली. खाली मुद्दाम लिहायला लावलं, "ऱ्हस्व-दीर्घ आमचे नाहीत."