महालात प्रायव्हेट बँक आली

दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ किस्से कसे साचतात, सांगू? पायपुसण्याखाली माती साचते तसे. रोज झाडा, रोज निघते. मी काही गोळा करायला गेलो नाही. लोक पाय पुसून आत गेले, आणि जे मागे राहिलं ते माझ्याजवळ राहिलं.

शाळा माझ्या वाट्याला आली नाही. मिल आली. ती बंद पडली तेव्हा मी तिच्या गेटवरच उभा होतो. मग मिळेल ते करत करत शेवटी या बँकेच्या दारावर लागलो. डोमाजी वॉचमन. खांद्याला बंदूक होती. तिच्यात गोळी होती का ते विचारू नका, मी पण कधी विचारलं नाही.

आता नागपुरात जिकडं पाहाल तिकडं प्रायव्हेट बँक. धरमपेठेत एका रस्त्यावर चहाच्या टपऱ्या कमी अन् बँका जास्त. पण मी सांगतो ते सुरुवातीचं. सरकारनं या नव्या बँकांना परवानगी देऊन थोडीच वर्षं झाली होती. आमची बँक धरमपेठेत बरी चालली, म्हणून मुंबईच्या साहेबांनी जुन्या नागपुरात, महाल भागात एक शाखा काढली. दसऱ्याला नारळ फोडला, आणि खोबरं हातात असतानाच सांगून गेले, "पुढच्या दसऱ्यापर्यंत चालली तर ठीक. नाही तर इथलं दार बंद."

दार बंद म्हणजे माझं दुसरं गेट बंद. आणि मॅनेजर वैद्य मॅडम पुण्याहून हट्टानं इथं आल्या होत्या. महालात बँक चालवून दाखवते म्हणाल्या होत्या. त्यामुळं आम्हा दोघांचं दिवसभर एकाच गोष्टीकडं लक्ष. दार किती वेळा उघडतं!

०

सुरुवातीला ते उघडेचना. लोक यायचे, काचेतून आत पाहायचे. फरशी अशी की तोंड दिसावं. सोफा, थंडगार हवा. पाहून परत जायचे. जे धीर करत, ते आधी पायातली चप्पल बाहेर काढत.

मी म्हणायचो, "दादा, चप्पल घालूनच या."

"नाही नाही, राहू द्या. एवढं चकाचक करून ठेवलं तुम्ही."

दुपारपर्यंत दारापुढं चपलांची रांग लागायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, आत सत्यनारायण आहे. एक आजी तर आत आली, हात जोडले आणि तीर्थासाठी ओंजळ पुढं करून उभी राहिली! मॅडमनी तिला बिसलेरी पाजली.

एक दिवस गल्लीतल्या कुत्र्यानं त्या रांगेतली एक चप्पल पळवली. कोरी करकरीत होती. ज्यांची होती ते गृहस्थ आत मॅडमकडून तिजोरी किती भक्कम आहे ते ऐकत बसले होते. बाहेर आले, पाहिलं, आणि तसेच अनवाणी परत आत गेले.

"मॅडम, तिजोरी फौलादाची आहे म्हणता. मुंबईहून आणली म्हणता. अन् इथं चप्पल सांभाळता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चपलांचा स्टँड आणला. मुंबईच्या बिलात त्याला काय नाव दिलं, देव जाणे.

०

आमच्या गल्लीत अनुसयाबाईचा शब्द चालायचा. तिचं सावजी भोजनालय. अर्धी गल्ली तिच्याकडं जेवायची आणि उरलेली अर्धी तिला घाबरायची. ती आली तर गल्ली येणार, हे मॅडमना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मॅडम स्वतः तिच्याकडं जाऊन आल्या. तिखटानं डोळे लाल करून आल्या, पण आल्या.

मग एक दिवस अनुसयाबाई आली. चप्पल न काढता. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "मालक दाखवा."

मॅडम म्हणाल्या, "कोणाचा मालक?"

"बँकेचा. समोरची बँक सरकारची आहे, ते मले माहीत आहे. ही कोणाची?"

"हिचे शेअरहोल्डर आहेत, ताई. ज्यांनी ज्यांनी भाग घेतले, ते सगळे मालक."

"सगळे म्हणजे किती?"

"असतील लाखभर."

अनुसयाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "लाखभर मालक! अवं मायबाई, माझ्या सासरी दोन भाऊ मालक होते, त एका विहिरीवर दोन रहाट लागले!"

आणि उठून गेली. तिच्यामागं, फॉर्म भरत बसलेले दोघं पण गेले.

०

जरीपटक्याचे एक कापडवाले शेठ होते. महालात उधारी वसूल करायला येत. आमची बँक संध्याकाळपर्यंत उघडी राहायची, ही तेव्हा नवलाची गोष्ट. दुपारचं जेवण झालं की बँकवाल्याचं तोंड पाहायला मिळत नाही, अशीच लोकांना सवय. शेठ पाच वाजता यायचे, स्कूटर बंद न करताच विचारायचे, "खुली है?"

"है, शेठजी."

"अच्छा."

आणि जायचे. पुन्हा दोन-चार दिवसांनी, "खुली है?" असं दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळी जवळ आली. मला वाटलं, माणूस मनातून पक्का होऊन राहिला. एक दिवस मीच म्हटलं, "शेठजी, आता अंदर या. अकाउंट खोलून टाका."

शेठ हसले. "अकाउंट नाही रे बाबा. दोस्तासोबत शर्त लागली आहे, तुम्ही कधी बंद होता त्याची!"

हे मी मॅडमना सांगितलं नाही.

०

आता बापूराव. कचेरीतून रिटायर झालेले कारकून. सकाळी पेपर चौकात मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं जगात काय चाललं ते गल्लीला बापूरावांच्याच आवाजात कळायचं. प्रायव्हेट बँकेवर त्यांचं मत तयार होतं.

"पहिले बँका प्रायव्हेटच होत्या. मग सरकारनं घेतल्या. आता म्हणते पुन्हा प्रायव्हेट काढा. म्हणजे गोठ्यातला बैल आवरेना, त नवीन वासरू आणा!"

पण कुतूहल होतं. रोज एक चक्कर मारायचे. काउंटरवर नितीन होता. आपल्या नागपूरचाच पोरगा, पण मुंबईला ट्रेनिंग झालेलं. गळ्यात टाय. कोणीही आलं की हसायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग सर, मी आपली काय सेवा करू?"

बापूराव मला दाराबाहेर बोलवून विचारू लागले, "डोमाजी, हे पोट्टं एवढं गोड काहून बोलून राहिलं गा? याले माझ्याजवळून काय पाहिजे?"

"काही नाही, बापूराव. त्याले तसं शिकवलं आहे."

"शिकवलं आहे? मग त अजूनच वाईट! समोरच्या बँकेतला कॅशियर जन्मभर माझ्यावर खेकसून राहिला. काहून? त्याच्या पोटात काही नाही म्हणून."

रोज ते नितीनला एकच प्रश्न विचारायचे, "तुमची बँक बुडाली त?" आणि नितीन रोज हसून सांगायचा, "सर, आपली ठेव आमच्याकडे पूर्ण सुरक्षित आहे."

एप्रिल लागला होता. एका दुपारी लाइन गेली, जनरेटर चालेना. नितीनचा टाय गळ्याला चिकटलेला, घामाच्या धारा. बापूराव आले. "बुडाली त?"

नितीननं पेन आपटला. "ओ काका, किती डोस्कं खाता! बुडाली त बुडाली! मी पण बुडतो तुमच्यासंगं, माझा पगार इथंच जमा होते!"

मॅडम केबिनमधून धावत आल्या. "सॉरी काका, तो नवीन आहे..."

बापूरावांनी हात वर केला. "राहू द्या, मॅडम. आज बँकेत आल्यासारखं वाटलं. खोला अकाउंट!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून झाल्यावर त्यांनी हे पण चौकात मोठ्यानं सांगितलं. मग काय! आठवडाभरात अर्धी गल्ली आली. अनुसयाबाई पण आली. म्हणाली, "मालक नाही दिसला, पण बापूराव त दिसते. बुडालो त सोबत बुडू."

मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. मला दोन तुकडे.

०

मधल्या काळात दाराशेजारी एटीएम पण लागलं होतं. भाजीवाल्या शांताला नितीननं कार्ड दिलं आणि बजावलं, "हा नंबर कोणालाही सांगायचा नाही. घरच्यांना पण नाही."

चार दिवसांनी तिचा नवरा मोतीराम माझ्याजवळ आला. तोंड उतरलेलं. "डोमाजी भाऊ, तुमच्या बँकेनं माझ्या घरात फूट पाडली."

"काय झालं गा?"

"बायको नंबर सांगत नाही. बँकेनं मना केलं म्हणते. तुम्ही मॅडमले म्हणा, नवऱ्याले चालते असं एका कागदावर लिहून द्या."

शांता टोपली घेऊन त्याच्या मागंच उभी होती. "काहून चालते? लग्न झालं तवापासून तुझा पगार किती, ते सांगितलं का तू मले?"

मोतीराम माझ्याकडं पाहू लागला. मी दाराकडं पाहू लागलो.

ही गोष्ट भाजीबाजारात पोहोचायला किती वेळ लागतो! त्या आठवड्यात बाया रांगेनं आल्या. पैसे किती ठेवता, असं नितीननं विचारलं, तर म्हणत, "पैशाचं पाहू मागून. पहिले तो नंबर द्या!"

०

एवढं सगळं जमून आलं होतं. दसऱ्याची काळजी मॅडमनी सोडलीच होती. आणि ऐन मे महिन्यात शहरात कुठल्याशा पतसंस्थेला कुलूप लागलं. तिचा आमचा काही संबंध नाही. पण सकाळी बापूरावांनी ते पेपरात वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. चौकात कोणीतरी म्हणालं, "आज ते, उद्या हे."

बारा वाजता माझ्यापुढं अर्धी गल्ली उभी. सगळ्यात पुढं बापूराव. ज्यांनी लोक आणले, तेच काढायला आले.

"डोमाजी, बाजूले हो गा. आमचे पैसे काढाचे आहे. सगळे."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज साधा होता. "डोमाजी, दार पूर्ण उघडा. बंद दिसलं की संपलं. ज्याला जितके पाहिजेत, तितके द्यायचे." आणि त्यांनी आणखी रोकड पाठवा म्हणून धरमपेठेला फोन लावला.

मी दार धरून उभा राहिलो. बाहेरची झळ आत आणि आतला गारवा बाहेर. मिलचं गेट बंद झालं तेव्हाही अशीच गर्दी होती, फक्त तेव्हा लोक आत जायला मागत होते आणि कोणी जाऊ देत नव्हतं.

नितीननं बापूरावांचे सगळे पैसे मोठ्यानं मोजून दिले. या वेळी हसला नाही आणि रागावला पण नाही. बापूरावांनी गठ्ठे कापडी पिशवीत भरले, पिशवी पोटाशी धरली आणि दारापर्यंत आले.

तिथं थांबले.

गल्लीतले सगळे डोळे त्या पिशवीवर. पिशवीत किती आहे, ते रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू गेलेलं. गर्दीच्या पलीकडं रस्ता उन्हात एकदम सुना. दुकानांची शटरं खाली. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली मोटरसायकलवर दोन पोरं बसलेली.

"डोमाजी, ते कोण आहे गा?"

"माहीत नाही, बापूराव."

बापूराव मागं फिरले आणि सोफ्यावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर.

दुसऱ्याला पैसे मिळाले. तो पण दारापर्यंत आला, बाहेर पाहिलं आणि बापूरावांशेजारी जाऊन बसला. मग अनुसयाबाई. तिनं पैसे पदरात बांधले, बाहेर एक नजर टाकली, आणि म्हणाली, "सरका." सोफा भरला. पुढचे भिंतीला टेकून उभे राहिले. ज्याला त्याला पैसे मिळत होते आणि बाहेर कोणी जात नव्हतं.

बाहेरचे ओरडू लागले, "अबे, आतले बाहेर काहून येऊन नाही राहिले?"

आत सगळे आपापली पिशवी धरून. शेवटी बापूरावांनी हळूच विचारलं, "अनुसयाबाई, घरी कुठं ठेवता?"

"तांदळाच्या डब्यात," ती म्हणाली. मग इकडं तिकडं पाहिलं. सगळे ऐकत होते. "घ्या! आता डबा बदलावा लागन. तुमी कुठं ठेवता?"

"माझ्या घरी त तीन सुना आहे," बापूराव म्हणाले, आणि पिशवीला गाठ मारली.

मग बापूराव उठले. मॅडमच्या टेबलापाशी गेले. त्यांच्यामागं अनुसयाबाई उठली, तिच्यामागं तो दुसरा, त्याच्यामागं भिंतीजवळचे.

"मॅडम, एक काम होतं."

"बोला ना, काका."

बापूरावांनी पिशवी टेबलावर ठेवली. "हे जरा ऊन उतरेपर्यंत ठेवता का?"

मॅडमनी शांतपणे पेन उचलला. "ठेवते. पावती करून देऊ?"

बापूराव एकदम रागावले.

"पावती कशाले? परकं समजता का आमाले? तुमच्यावर भरोसा नाही का आमचा!"