शून्याची पायरी

दोन हजार तेरा-चौदा साल असेल. मी शहापूरहून रोज ठाण्याला एका लहान कंपनीत जायचो. दूध मोजून नोंद ठेवणारं, पडद्याचं यंत्र आम्ही बनवत होतो. यंत्रात काय काय जोडलंय आणि ते कसं चालवायचं, हे त्याला डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीतून कळतं. त्यातल्या पडद्यामागच्या दिव्याच्या ओळी मी लिहिल्या. उजेडाच्या आठ पायऱ्या: ०, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५५. शून्यावर दिवा पूर्ण विझतो, तो आकडा ठेवायचा का, असं सोबतच्या मुलीने विचारलं होतं. इतकं खाली कोण आणणार, असं म्हणून मी तो ठेवला.

चाचणीचं एक यंत्र माझ्या शब्दावर आमच्या गावच्या, टोकावड्याच्या दूध केंद्रात गेलं. तिथली वही माझा थोरला भाऊ अकरा वर्षं लिहीत होता. वीज सहा सहा तास जायची आणि यंत्र बॅटरीवर चालायचं. घरात सगळे जेवायला बसले की कंदिलाची वात खाली करणारा माणूस तो. बॅटरी पुरावी म्हणून रोज एकेक पायरी उतरत गेला. एका पहाटे पडदा काळा झाला. शेवटची पायरी यंत्र लक्षात ठेवायचं, त्यामुळे बंद करून सुरू केलं तरी काळाच. रांगेतून कुणीतरी म्हणालं, वहीच बरी होती, निदान विझत तरी नव्हती.

मला कुणी कळवलं नाही. दोन महिन्यांनी गावी गेलो तेव्हा वहिनीने सांगितलं की केंद्रावर वही लिहायला आता दुसरा माणूस बसतो आणि यंत्र आमच्याच माळ्यावर आहे. मी दादाला विचारलं, फोन का नाही केलास?

"तुझं नाव खराब झालं असतं रे. माझ्या हातून बिघडलं म्हणून सांगितलं."

मी यंत्र खाली काढलं, वायर लावली, थोडं थांबलो आणि उजेड वाढवायचं बटण एकदाच दाबलं. अक्षरं फिकट, पण स्पष्ट दिसली. त्याने शेवटची लिहिलेली नोंदसुद्धा होती.

दादाने त्या नोंदीवरून बोट फिरवलं.

"म्हंजी तवा चालूच होतं?"

"हो."

"मंग मी नाय बिघडवलं."

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी शून्य काढलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही. केंद्रावर जाऊन दादाची चूक नव्हती हे सांगायला मात्र मला आणखी तीन आठवडे लागले. तोवर नव्या माणसाचा हात वहीवर बसला होता.